अर्ध्या तासाची जुळणी : एएलएसमध्ये वाचा गेलेल्या 'टी-१५'चं प्रकरण

ऑगस्ट २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एकाच माणसावरचा एक शोधनिबंध आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या गटाने या माणसाच्या मेंदूत विद्युत्संकेत टिपणारे इलेक्ट्रोड बसवले होते. बोलण्याचा त्याचा प्रयत्न संगणक ओळखत होता आणि शब्द पडद्यावर उमटत होते. बातम्यांमधून ९७.५ टक्के अचूकतेचा आकडा सगळीकडे गेला. त्याच निबंधातला ३० मिनिटांचा आकडा मात्र फारसा कोणी उचलला नाही. यंत्र या माणसाच्या मेंदूशी पहिल्यांदा जुळवून घ्यायला तेवढाच वेळ लागला. अशी यंत्रं प्रयोगशाळेतून घरात जाणार की नाही, ते अचूकतेइतकंच या जुळणीच्या वेळावर ठरतं. म्हणून हे प्रकरण आम्ही त्याच बाजूने मांडत आहोत.

रुग्णाची स्थिती

टी-१५ ही 'ब्रेनगेट-२' या वैद्यकीय चाचणीतली त्याची ओळख. वय ४५, आणि एएलएसची लक्षणं सुरू होऊन ५ वर्षं झालेली. आपल्याकडे हा आजार बहुतेकदा 'मोटर न्यूरॉन डिसीज' या नावाने सांगितला जातो. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या चेतापेशी यात एकेक करून मरतात. काय बोलायचं ते माणसाला नीट ठाऊक असतं, पण जीभ, ओठ, टाळू आणि स्वरयंत्र ऐकत नाहीत.

टी-१५च्या चारही हातापायांतलं बळ गेलं होतं. मान आणि डोळे हलत होते. बोलायला गेलं की घशातून आवाज निघे, पण त्याला शब्दाचा आकार येत नसे. त्याच्या बोलण्याची सवय असलेल्या माणसालाही मिनिटाला सरासरी ६.८ शब्दच बरोबर कळत. मान हलवून चालवायच्या माउसने टाइप केलं तर ६.३. आपण गप्पा मारताना मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द बोलतो. इतक्या संथपणे बोलणाऱ्याला चारचौघांत बोलायला जागाच मिळत नाही. त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

आधीच्या प्रयत्नांनी काय शिकवलं होतं

२०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एडवर्ड चँग यांच्या गटाने मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोडची चटई ठेवून ५० शब्दांचा संच ओळखून दाखवला. वेग मिनिटाला १५ शब्दांच्या आसपास होता आणि साधारण चारातला एक शब्द चुकत होता. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने टी-१२ या सहभागी बाईंच्या मेंदूत सूक्ष्म सुयांचे संच रोवले. वेग ६२ शब्दांवर गेला आणि शब्दसंग्रह १,२५,००० झाला, पण चुका २३.८ टक्के राहिल्या. शिवाय प्रत्येक चाचणीच्या दिवशी आधी २६० ते ४८० वाक्यं म्हणून घेऊन यंत्र पुन्हा शिकवावं लागे. थकलेल्या रुग्णाला बोलायला मिळायच्या आधीच तासन् तास कवायत होई.

टी-१२च्या प्रकरणातला एक धडा फार कामाचा ठरला. चार संचांपैकी दोन ब्रोका क्षेत्रात, म्हणजे मेंदूच्या क्रमांकवार नकाशातल्या ब्रॉडमन क्षेत्र ४४ मध्ये बसवले होते. वाचेचं केंद्र म्हणून पाठ्यपुस्तकांत दीड शतक याच जागेचं नाव आहे. प्रत्यक्षात त्या दोन संचांतून उपयोगी माहिती जवळजवळ मिळालीच नाही. सगळं काम शेजारच्या ६-व्ही क्षेत्रातल्या १२८ इलेक्ट्रोडांनी केलं. बोलण्याचं नियोजन कुठे होतं हा वेगळा प्रश्न. यंत्राला हवे असतात ते जीभ-ओठांना सुटणारे हुकूम, आणि ते कपाळपट्टीच्या मागे कानाच्या वरच्या बाजूला असलेल्या कारक, म्हणजे हालचाल घडवणाऱ्या, पट्ट्यात, प्रीसेंट्रल जायरसमध्ये, सापडतात.

शस्त्रक्रिया

जुलै २०२३ मध्ये सॅक्रामेंटो इथे न्यूरोसर्जन डेव्हिड ब्रँडमन यांनी टी-१५च्या मेंदूत चार संच बसवले. चारही प्रीसेंट्रल जायरसच्या खालच्या भागातच, डाव्या बाजूला. भाषेचं काम त्याच्या डाव्याच गोलार्धात चालतं, याची खात्री आधी एफएमआरआयने, म्हणजे मेंदूचा कोणता भाग काम करतो ते दाखवणाऱ्या स्कॅनने, करून घेतली होती. जागा ठरवताना सरासरी नकाशावर विसंबून न राहता त्याच्याच मेंदूच्या स्कॅनवरून क्षेत्रांच्या सीमा आखल्या: ६-व्हीचा खालचा भाग, ६-व्हीचा वरचा भाग, क्षेत्र ४ आणि क्षेत्र ५५-बी.

एक संच म्हणजे ३.२ मिलिमीटर बाजूची चौकोनी चकती आणि तिच्यावर १.५ मिलिमीटर लांबीच्या ६४ सुया. चार मिळून २५६. टोचणी-पिना खुपसून ठेवलेल्या पिनकुशनची तळहातावर मावणारी नव्हे, नखावर मावणारी आवृत्ती म्हटलं तर चित्र डोळ्यांपुढे येईल. संचांपासून निघालेल्या बारीक तारा कवटीला घट्ट बसवलेल्या धातूच्या बैठकांपर्यंत येतात. या बैठका त्वचेतून बाहेर डोकावतात आणि संगणकाची केबल त्यांना जोडावी लागते. या रचनेची पुढे मोजावी लागणारी किंमत हीच: डोक्याच्या कातडीत कायमची उघडी जागा, आणि दर वेळी केबल लावायला दुसरा माणूस.

प्रयत्नापासून शब्दापर्यंत

हे यंत्र विचार वाचतं असा समज पसरला आहे, आणि तो चुकीचा आहे. टी-१५ वाक्य बोलण्याचा खराखुरा प्रयत्न करतो. तोंडून अस्पष्ट आवाज येतो, पण मेंदूतून सुटलेले हुकूम मात्र पुष्कळसे शाबूत असतात. यंत्र ते हुकूम टिपतं.

प्रत्येक इलेक्ट्रोडवरचा विद्युत्संकेत सेकंदाला ३०,००० वेळा मोजला जातो. त्यातून दर २० मिलिसेकंदांना दोन गोष्टी काढतात: आसपासच्या चेतापेशींनी किती वेळा ठिणगी टाकली, आणि या ठिणग्या ज्या वारंवारतेच्या पट्ट्यात येतात त्यात एकूण ऊर्जा किती होती. २५६ इलेक्ट्रोडांचे असे ५१२ आकडे होतात. ते एका न्यूरल नेटवर्कमध्ये, म्हणजे नमुन्यांवरून शिकणाऱ्या संगणकीय जाळ्यात, जातात आणि हे जाळं दर ८० मिलिसेकंदांना अंदाज बांधतं की इंग्रजीच्या ३९ स्वनिमांपैकी, म्हणजे मूळ ध्वनींपैकी, आत्ता कोणता चालला असावा. की काहीच चाललेलं नाही.

शब्दांऐवजी ध्वनी ओळखायचे हा निर्णय साऱ्या रचनेचा पाया आहे. ५० शब्द शिकवले तर यंत्राला ५०च येतात. ३९ ध्वनी शिकवले तर शब्दकोशातला कुठलाही शब्द जुळवता येतो, सरावात तो एकदाही आला नसला तरी. ध्वनींच्या या चुकतमाकत आलेल्या माळेवर मग भाषेचं प्रारूप काम करतं. पहिल्या फेरीत पाच-पाच शब्दांच्या साखळ्यांच्या आकडेवारीवरून संभाव्य वाक्यं निघतात आणि दुसऱ्या फेरीत मोठं भाषा-प्रारूप त्यांतली सर्वांत सयुक्तिक वाक्यं वर आणतं. वाक्य पूर्ण झालं की संगणक ते मोठ्याने वाचतो, तेही टी-१५च्या आजारापूर्वीच्या ध्वनिमुद्रणांवरून तयार केलेल्या त्याच्याच आवाजात.

पहिले दोन दिवस

शस्त्रक्रियेनंतर २५व्या दिवशी पहिली चाचणी झाली. पडद्यावर वाक्य येई आणि टी-१५ ते म्हणण्याचा प्रयत्न करी. असा ३० मिनिटांचा नमुना घेतल्यावर ५० शब्दांच्या संचावर ९९.६ टक्के शब्द बरोबर आले. आपण म्हणायचा प्रयत्न केलेलेच शब्द समोर उमटलेले पाहून त्याला आनंदाश्रू आवरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आणखी १.४ तासांचा नमुना घेतला आणि शब्दसंग्रह थेट १,२५,००० केला. अचूकता ९०.२ टक्के आली. इथे थोडं थांबून हिशेब समजून घेतला पाहिजे. अचूकता काढताना चुकीचा शब्द, गाळलेला शब्द आणि उगाच घुसलेला शब्द, अशा तिन्ही चुका मोजून एकूण शब्दांनी भागतात. ९०.२ टक्के म्हणजे दहा शब्दांत एक चूक. कानाला ती खटकते, पण ऐकणारा संदर्भाने सावरून घेतो. ९७.५ टक्के म्हणजे चाळीस शब्दांत एक. तिथे पोचल्यावर ऐकणाऱ्याला वाक्य मनात दुरुस्त करावं लागत नाही, तो फक्त उत्तर देतो. आणि ही ९७.५ टक्क्यांची पातळी एखाद्या चांगल्या दिवसाची नव्हती. बसवल्यानंतर ८.४ महिन्यांपर्यंत ती टिकली.

इतक्या लवकर इतकं का साधलं? आमच्या मते तीन गोष्टी एकत्र आल्या. २५६ च्या २५६ इलेक्ट्रोड कारक पट्ट्यात होते. टी-१२मध्ये कामाचे निम्मेच होते. सुयांना मिळालेला संकेत चांगला होता. आणि स्टॅनफर्डच्या गटाने घडवलेली गणिती पद्धत हाताशी होती, ती शून्यापासून उभारावी लागली नाही. पहिल्या कारणावर आम्ही सर्वांत जास्त भर देऊ. गणित मागाहून सुधारता येतं. मेंदूत रोवलेली सुई मागाहून सरकवता येत नाही.

रोज सरकणारी जमीन

असली यंत्रं बहुधा पहिल्याच दिवशी बिघडत नाहीत. ती हळूहळू नासतात. मेंदू मऊ आहे, श्वासाबरोबर आणि नाडीबरोबर तो हलतो. सुई काही मायक्रॉन सरकली तरी काल ऐकू येणारी पेशी आज दूर जाते आणि दुसरीच जवळ येते. सुईभोवती शरीर हळूहळू व्रणासारखी ऊती तयार करतं. आसपासच्या विद्युत उपकरणांची गुणगुण संकेतात शिरते. कालच्या संकेतांवर शिकलेलं यंत्र आज तेच शब्द ऐकताना अडखळतं.

यावर जुना उपाय म्हणजे रोज सकाळी नवी कवायत. डेव्हिसच्या गटाने तो टाळला. नेटवर्कच्या अगदी सुरुवातीला त्यांनी त्या-त्या दिवसापुरता एक छोटा स्तर ठेवला. त्याचं काम इतकंच, की आजचे संकेत जुन्या दिवसांच्या मापात आणून बसवायचे. पुढचं मोठं नेटवर्क सगळ्या दिवसांचं सामाईक. म्हणजे घर तेच, फक्त उंबरठ्यावरचं पायपुसणं रोज बदलायचं. दुसरं असं, की शिकणं वापराच्या मध्येच चालू ठेवलं. वाक्य आलं की ते बरोबर आहे की नाही हे टी-१५ नजरेने बटण निवडून सांगे. बरोबर ठरलेलं वाक्य लगेच शिकवणीचा नमुना बने आणि यंत्र दोन वाक्यांच्या मधल्या वेळात स्वतःला थोडं सुधारून घेई. रुग्ण गप्पा मारत राहतो, जुळणी पडद्यामागे होत राहते.

याला एक पथ्य आहे. चुकीचं वाक्य 'बरोबर' म्हणून आत गेलं तर यंत्र चूकच पक्की करतं. म्हणून पुष्टी मिळाल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही आणि नव्या नमुन्यांत जुने मिसळत राहायचं, नाहीतर यंत्र आजच्या चार वाक्यांना चिकटून मागचं विसरतं. संभाषणाच्या वेळी यंत्राला 'आता सुरू' असं सांगावं लागत नसे. बोलण्याचा प्रयत्न सुरू झाला की संकेतांवरूनच त्याला कळे. वाक्य संपवायला काही सेकंदांची शांतता किंवा नजरेने निवडलेलं बटण पुरे.

३२ आठवड्यांत ८४ सत्रं झाली. त्यात त्याने स्वतःच्या मनाने, स्वतःच्या गतीने एकूण २४८ तासांहून अधिक संभाषण केलं, मिनिटाला सुमारे ३२ शब्दांच्या वेगाने. आधीच्या पाचपट.

कुठे चुकतं

भाषा-प्रारूप हे या यंत्राचं बळ आणि हाच त्याचा धोका. ध्वनी धूसर असले तर ते 'शक्य वाटणारं' वाक्य पुरवतं, आणि असं चुकीचं वाक्य दिसायला अगदी सुबक असतं. व्याकरण पक्कं, अर्थ भलताच. नवखी नावं, औषधांची नावं, घरातली लाडकी हाक असे शब्द कोशात घातले नसतील तर जवळच्या कुठल्या तरी रूढ शब्दात वितळून जातात. गप्पांमध्ये हे चालून जातं. उपचारांना संमती देताना, मृत्युपत्राबद्दल बोलताना चालू नये. तिथे प्रत्येक वाक्य रुग्णाकडून वेगळं पक्कं करून घेतलंच पाहिजे, आणि हा नियम यंत्राच्या रचनेतच असावा असं आम्हाला ठामपणे वाटतं.

दुसरी अडचण वेळेची. वाक्य संपल्यावर आवाज येतो, म्हणून मध्येच 'थांब, तसं नाही' म्हणता येत नाही. तीच व्यक्ती, तेच इलेक्ट्रोड घेऊन त्याच गटाने जून २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये पुढचं पाऊल मांडलं. पहिल्या लेखिका मैत्रेयी वैरागकर. इथे शब्द ओळखायची पायरीच गाळली आहे. संकेतांवरून थेट आवाज तयार होतो, सेकंदाच्या चाळिसाव्या भागाइतक्या उशिराने. टी-१५ला प्रश्नाचा सूर लावता आला, शब्दावर जोर देता आला, साधी चाल गुणगुणता आली. ऐकणाऱ्यांना जवळजवळ ६० टक्के शब्द कळले. यंत्राविना ४ टक्केच कळत होते. मजकुराच्या मार्गापेक्षा हे खूप कमी आहे, कारण इथे चुका झाकायला भाषा-प्रारूप नाही. तरीही बोलण्यात सूर किती काम करतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला याचं मोल कळेल.

तिसरा प्रश्न खाजगीपणाचा. मनातल्या मनात म्हटलेले शब्दही या कारक पट्ट्यात क्षीण रूपात उमटतात, असं ऑगस्ट २०२५ मध्ये 'सेल' या नियतकालिकातल्या अभ्यासात दिसलं. त्यात टी-१५ धरून चौघे सहभागी होते. उपायही तिथेच तपासला गेला: एक ठरलेली सांकेतिक ओळ मनात म्हटल्याशिवाय यंत्र उघडायचंच नाही. अशी कडी सुरुवातीपासून हवी.

धोका आणि मर्यादा

ब्रेनगेटच्या चाचण्यांतल्या पहिल्या १४ सहभागींचा सुरक्षेचा हिशेब २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण १२,२०३ दिवसांत यंत्राशी संबंधित ६८ अनिष्ट घटना, त्यांतल्या ६ गंभीर. सर्वांत जास्त वेळा दिसली ती बैठकीभोवतालच्या त्वचेची जळजळ. कवटीच्या आत जंतुसंसर्ग एकदाही नाही. आकडे दिलासा देणारे आहेत, पण माणसं चौदाच आहेत हे विसरू नये.

एएलएस पुढे सरकतच राहतो. नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट इथे २०१५ मध्ये एका बाईंच्या मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड बसवले होते. त्यांनी ते यंत्र घरी सात वर्षं वापरलं. मग मेंदूच्या ऱ्हासाबरोबर संकेतच क्षीण होत गेले आणि वापर थांबला. टी-१५चे संकेत मात्र पुढेही टिकले. नंतर आलेल्या अहवालानुसार जवळजवळ दोन वर्षं तो ते घरी वापरत होता, संशोधक हजर नसतानाही. वेग ५६ शब्दांवर गेला, आणि त्याच संचांवरून तो संगणकाचा कर्सर हलवून स्वतःचं काम करत होता. अर्ध्या तासाच्या जुळणीचं आणि पडद्यामागच्या शिकवणीचं फळ इथे दिसतं.

मराठीत हे कसं चालेल

तोंडाचे स्नायू सगळ्यांचे सारखेच. सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने २०२४ मध्ये स्पॅनिश आणि इंग्रजी बोलणाऱ्या एकाच सहभागीत दोन्ही भाषा ओळखून दाखवल्या, आणि उच्चाराचे संकेत दोन्हींत बरेच सामाईक निघाले. तेव्हा मेंदूकडून अडचण कमी आहे. अडचण पुढच्या पायरीला येईल.

आपल्याला पाट आणि पाठ वेगळे ओळखावे लागतील, काल आणि काळ, 'चार'मधला च आणि 'चारा'मधला च. अल्पप्राण-महाप्राणातला फरक स्वरयंत्रावर असतो, त्यामुळे इलेक्ट्रोड जीभ-ओठांच्याच जागी बसवून भागणार नाही. शब्दकोशाचं गणित तर पारच बदलतं. इंग्रजीला सव्वा लाख शब्दरूपं पुरतात. मराठीत घर, घरात, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा अशी एकाच शब्दाची माळ लांबत जाते. पूर्ण शब्दांची यादी करण्याऐवजी मूळ शब्द आणि प्रत्यय यांच्या तुकड्यांवर चालणारं प्रारूप बांधावं लागेल, आणि तेही बोलीतल्या मजकुरावर शिकलेलं. वर्तमानपत्री मराठीवर शिकलेलं प्रारूप आजीच्या 'काय करून राहिलास'ला 'काय करत आहेस' करून टाकेल. ते तिचं बोलणं राहणार नाही.

आज करण्याजोगं

हे यंत्र अजून फक्त संशोधनात आहे, विकत मिळत नाही. पण या प्रकरणातला एक भाग कोणत्याही घरात, कुठल्याही खर्चाविना आजच हाती घेता येतो. टी-१५ला स्वतःचा आवाज परत मिळाला तो आजारापूर्वीची ध्वनिमुद्रणं शिल्लक होती म्हणून. एएलएसचं निदान झालं की आवाज बिघडायच्या आत मुद्रण सुरू करावं. पंखा बंद असलेली खोली, दर वेळी तोच मोबाइल, तोंडापासून वीतभर अंतर. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे, थकवा येऊ देऊ नये. नुसतं वाचन नको. प्रश्न, राग, लाड, हसू, घरातल्या प्रत्येकाला मारलेली हाक, 'चहा टाक गं', 'दार लोटून घे' असं सगळं असू द्यावं. मूळ फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवू नये, तिथे ध्वनी दाबला जाऊ शकतो. ती तशीच पेनड्राइव्हवर घ्यावी, आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी.